पांढऱ्या रंगाखालचा कोपरा

१

तुकडा मोडला तेव्हा आवाज असा फारसा झालाच नाही. सुपारी फोडावी तसा कट्ट, एवढंच. मग यंत्राचा धक्के देणारा दांडा नुसताच हवेत वर-खाली होत राहिला. थांग सरांनी घाईने बटण दाबून तो थांबवला. प्रशिक्षण केंद्राच्या त्या लांबट खोलीत सगळ्यांच्या माना एकाच बाईकडे वळल्या.

झुओ मिन-हुई. वय त्रेपन्न, केस आखूड, आवाज मोठा आणि खोड एकच, प्रश्न विचारायची. विमा कंपनीत तिचं सगळं आयुष्य अपघातांच्या चौकश्या करण्यात गेलं होतं. लिफ्ट कोसळली, जत्रेतला पाळणा तुटला, क्रेन वाकली की ही हजर. दरवेळी कुणीतरी इस्त्रीच्या शर्टातला इंजिनिअर एक रंगीबेरंगी चित्र तिच्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, ‘ताण जास्त आला, बाई.’ तिला मान डोलवावी लागायची, कारण त्या चित्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. कंपनीनं नारळ दिला, तशी ती तैचुंग शहरातल्या फेंगयुआन भागातल्या या केंद्रात येऊन मुलं शोभतील अशा पोरांच्या रांगेत बसली. ती चित्रं आता तिला स्वतः काढायची होती.

शेवटची परीक्षा ठरलेली होती. सायकलच्या मागे लहान मुलाला बसवायची खुर्ची असते, तिला सायकलशी धरून ठेवणारा, मधे खिडकीसारखं चौकोनी भोक असलेला ॲल्युमिनियमचा आधार. एका कंपनीचा तो आधार बाजारात होताच. तोच प्रत्येकानं सुधारून दाखवायचा. कॉम्प्युटरवर आखायचा, कुठे किती ताण येतो ते काढायचं, खालच्या वर्कशॉपमध्ये कापून घ्यायचा आणि या धक्क्यांच्या यंत्रावर चढवायचा. फान योउ-थिंग नावाच्या पोराचा तुकडा टिकला होता. मिन-हुईचा मोडला.

थांग सरांनी तिची फाइल मोठ्या पडद्यावर उघडली. “झुओ ताई, बघा बरं. आतल्या खिडकीच्या कोपऱ्यांची गोलाई बंद केलेली आहे. अहवालातल्या चित्रात मात्र कोपरे छान गोल. म्हणजे दाखवायला एक आणि कापायला दुसरं.”

खोलीत कुजबुज झाली, कारण यातली मेख तिथल्या प्रत्येकाला कळत होती. आतला कोपरा टोकदार असला की सगळा ताण तिथेच तुंबतो आणि तिथूनच चीर जाते. तो गोल केला की ताण पसरतो. पण गोलाया ठेवल्या तर सॉफ्टवेअरला हिशेब जड जातो, म्हणून पहिल्या फेरीत त्या बंद करायच्या आणि नंतर आठवणीनं चालू करायच्या, हे थांग सरांनीच शिकवलं होतं.

“मी परत चालू केल्या होत्या,” मिन-हुई म्हणाली.

“फाइल तसं म्हणत नाही ना, ताई.”

केंद्राच्या प्रमुख पेंग मॅडम उठल्या. पन्नाशीच्या, मवाळ बोलणाऱ्या, आणि केंद्राच्या नावाला तळहातावरच्या फोडासारखं जपणाऱ्या. “चूक असती तर समजून घेतलं असतं, झुओ बाई. पण खोटा अहवाल म्हणजे फसवणूक. या कबुलीवर सही करा, नाव कमी करून विषय संपवू. नाही केलीत तर सगळ्या केंद्रांना कळवावं लागेल. उद्या दुपारपर्यंत विचार करा.”

मिन-हुईनं पुढे आलेलं पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि ते मॅडमच्याच खिशाला अडकवलं. “आयुष्यभर मी लोकांच्या कबुल्या वाचल्यात, मॅडम. न केलेल्या पापाची एकही लिहिली नाही. उद्या दुपारी येते मी. पेन जपून ठेवा, दुसऱ्या कुणाला लागेल.”

ताठ मानेनं ती जिना उतरली. मात्र खालच्या पायरीवर पोचल्यावर तिचे पाय थबकले. वयाचं काय सांगावं? खरंच चालू करायची राहिली असेल तर?

२

फान योउ-थिंग अंगणात स्कूटरवर बसून डबा खात होता. मिन-हुई समोर येऊन उभी राहिली तशी त्यानं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

“मावशी, मी नाही हं केलं!”

“मी विचारलं का?”

“पोलीस बघतात तसं बघताय की!”

“चोराच्या मनात चांदणं. खा, खा, अंडं गार होतंय.”

पोरगं लाल झालं. पहिल्या आलेल्याला त्या सायकलच्या कंपनीत नोकरी होती. मिन-हुई बाद झाली की पहिला नंबर त्याचाच, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

“फायदा माझा आहे, मान्य,” तो म्हणाला. “पण तुमच्या फाइलला हात कसा लावणार मी? सगळ्यांच्या फायली सरांच्या कॉम्प्युटरवर. तिथनंच वर्कशॉपचे मिस्त्री त्या खाली मागवतात. आणि खरं सांगू का, तुम्हाला हरवायचं होतं मला, पण यंत्रावर. असं नको होतं.”

ते ऐकून मिन-हुईला बरं वाटलं. तिनं बाजूचं स्टूल ओढलं. “तुकड्यांना पांढरा रंग दिला त्या दिवशी मी नव्हते. काय काय झालं?”

केसाएवढी चीर गेली तरी पांढऱ्यावर काळी उठून दिसावी, म्हणून यंत्रावर चढवण्याआधी प्रत्येक तुकडा पांढरा रंगवत असत.

“तुम्ही खोकत होतात, तर सरच म्हणाले की ताईंना रंगाच्या वासात बोलवू नका, मी देतो त्यांच्या तुकड्याला. आम्ही सगळ्यांनी एकेक हात मारला. तुमच्यावर सरांनी दोन दिले, चांगला जाड.” त्यानं ओठ मुडपले. “मला तर रागच आला. म्हटलं, लाडकी विद्यार्थिनी!”

“मग नंबर कुणी टाकला त्यावर?”

“सरांनीच. रंगावर, मार्करनं. बाकी काही आठवत नाही, मावशी. हां, त्सेंग मिस्त्री अजून तुमची नक्कल करतात. ती ‘चौकोनी कटर’वाली.”

मिन-हुईच्या तोंडाला कारलं खाल्ल्यासारखी चव आली. पहिल्याच आठवड्यात तिनं एक डबी आखली होती, आतले चारही कोपरे सुरीसारखे टोकदार. सर यायच्या आधीच मिस्त्री तो कागद घेऊन वरच्या मजल्यावर आले होते आणि भर वर्गात म्हणाले होते, ‘बाई, चौकोनी फिरणारा कटर कुठल्या दुकानात मिळतो? मलापण दोन आणा.’ वर्ग पोट धरधरून हसला होता. दुसऱ्या दिवशी योउ-थिंगच्या कागदावरही तोच टोमणा बसला होता, पण पहिल्याचं हसं लक्षात राहतं, दुसऱ्याचं नाही.

ती उठली. फाइल बोलली होती, पोरगं बोललं होतं. ज्याचा खून झाला त्याला मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं. मोडलेला तुकडा सरांनी ताबडतोब कपाटात टाकून किल्ली मॅडमकडे दिली होती.

३

“बघून काय करणार आहात?” पेंग मॅडम कुरकुरल्या, पण किल्ली काढली. “तुमच्या हट्टानं माझं डोकं उठलंय. मुळात हे काम घेतलं तिथेच चुकलं. थांग सर सांगत होते, हा आधार नको, सायकलच्या दिव्याची पट्टी द्या पोरांना. पण एवढी मोठी कंपनी आपण होऊन येते म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?”

“सर का नको म्हणाले?”

“तिथे होते ना ते आधी, नोकरीला. जुनं घर सोडलं की माणूस त्या गल्लीतून जात नाही, तसंच काहीतरी असेल.”

 मिन-हुईला आपल्या अहवालातलं एक पान आठवत होतं. सुधारायच्या आधी तिनं कंपनीचा जुना आधार सॉफ्टवेअरमध्ये तपासला होता. सॉफ्टवेअर तुकड्यावर जाळी टाकतं आणि एकेका खणातला ताण मोजतं. जाळी जितकी बारीक करत गेली तितका खिडकीच्या कोपऱ्यातला जास्त ताणाचा लाल ठिपका वाढतच गेला, आकडा कुठे स्थिरावेचना. ‘सोडून द्या हो ताई, टोकदार कोपऱ्यावर सॉफ्टवेअर लहरीपणा करतं,’ सर म्हणाले होते. तिनं सोडलं नव्हतं. अहवालात तिनं सरळ लिहिलं होतं की जुना आधार याच कोपऱ्यातून चिरणार. मग तिनं बाहेरचा आकार, भोकं, जाडी सगळं तसंच ठेवून फक्त खिडकीचे कोपरे मोठे गोल केले होते.

मॅडमनी फडक्यात गुंडाळलेले दोन भाग टेबलावर ठेवले. जाड पांढरा रंग, त्यावर तिचा नंबर. चीर खिडकीच्या कोपऱ्यातून निघून बाहेरच्या कडेपर्यंत गेली होती. मिन-हुईनं दुसऱ्या, न तुटलेल्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं.

नख आत जाऊन टचकन अडकलं. कोपरा टोकदार होता. गोलाईचा मागमूस नव्हता.

 फाइल म्हणते टोकदार, तुकडाही म्हणतो टोकदार. दोन साक्षीदार, एक जबानी. इतकी वर्षं अशा दोन साक्षींवर तिनं लोकांचे दावे फेटाळले होते.

“पटलं ना, ताई?” दारातून आवाज आला. थांग सर हाताची घडी घालून उभे होते. आवाजात दया होती, आणि तीच तिला झोंबली. “करून टाका सही. या वयात इतकं शिकलात, हेही काही कमी नाही.”

“या वयात,” मिन-हुई म्हणाली, “माणसाला एकच गोष्ट नीट जमते, सर. हट्ट.”

४

वर्कशॉपच्या शेडमध्ये तेलाचा आणि उदबत्तीचा वास एकत्र येत होता. धातू कोरणाऱ्या मिलिंग मशीनच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं. ते असलं की मशीन गुणी लेकरासारखं वागतं, अशी सगळ्या तैचुंगची श्रद्धा. कोपऱ्यातल्या फळीवर भूमिदेवाची तांबडी देवळी होती आणि पुढ्यात संत्री.

“आता माझ्यावर आलात का?” त्सेंग मिस्त्रींनी मान वर न करताच विचारलं. “वरून निरोप आलाय, बाईंचा तुकडा मोडला, मिस्त्रीनं नीट बघून कापला नाही. पंचवीस वर्षं झाली हे काम करतोय. आणि पाकीटही शिळं नाहीये, तारीख बघा हवी तर!”

“मोडलेला तुकडा पाहिलात तुम्ही?”

“मला कोण दाखवतो? वर बोलवायला मी काय साहेब आहे?”

“मिस्त्री, खरं सांगा. माझ्या कागदावर कोपरे टोकदार होते की गोल?”

“रोज ढिगानं कागद येतात. गोलच असतील. मला शपथ घालू नका.”

ही वाटही बंद. मिन-हुई बाकावर बसली. दिवसभराचा ताठा उतरून आता तिला रडू येईल असं वाटत होतं, आणि मिस्त्रींसमोर रडायचं तर तिला मुळीच नव्हतं. म्हणून तिनं नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “आणि कागदावर टोकदार असते, तर?”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं.

“झुओ बाई! एवढं हसं झालं तरी पुन्हा तेच? हा बघा कटर. गोल की चौकोनी? गोल. फिरतो कसा? गोल. तुम्ही कागदावर टोकदार आखा, सुईसारखा आखा, माझ्या आजोबांना आखायला सांगा, पण कोपऱ्यात कटरची गोलाई राहणारच. टोकदार कोपरा फक्त पडद्यावर निघतो, या मशीनवर नाही.”

मिन-हुई ताडकन उठली. बाक मागे उलटला.

“काय झालं?”

“मिस्त्री, वर एक तुकडा आहे. त्यावर माझा नंबर आहे. आणि त्याच्या कोपऱ्यात माझं नख अडकतं.”

हसू मावळायला वेळ लागला नाही. मिस्त्रींनी तेलकट हात फडक्याला पुसले, एकदा, दोनदा. “मग तो मी कापलेला नाही,” ते सावकाश म्हणाले.

“पण तुम्ही कापलेला कुठे गेला हे कसं शोधायचं? आणि तो गोल होता, हे तरी कसं दाखवायचं?”

मिस्त्री देवळीकडे गेले. संत्री बाजूला केली, हात जोडले आणि आत हात घातला. “आमच्या वस्तादाची रीत. पहिला तुकडा देवाचा, दुसरा गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाइकाचं काम पार पडलं की मगच देवाचा उचलायचा. तुमचं काम अजून पार पडलेलं नाही.”

५

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत सगळे जमले होते. टेबलावर कबुलीचा कागद होता आणि मॅडमच्या खिशाला पेन होतं. मिन-हुईनं कागदाकडे पाहिलंच नाही. तिनं मोडलेला तुकडा मागून घेतला.

“मी एक गोष्ट सांगते. कुठे चुकले तर अडवा,” ती म्हणाली. “फाइल म्हणते, कोपरे टोकदार. समजा, फाइल खरी. तरी आपल्याकडे कापायला काय आहे? मिस्त्री, सांगा.”

“मिलिंग मशीन. गोल कटर,” मिस्त्री दारातूनच गरजले. आयुष्यात पहिल्यांदा ते परीक्षेच्या वेळी वर आले होते.

“म्हणजे फाइल खरी असो की खोटी, या केंद्रात कापलेल्या तुकड्याचा आतला कोपरा गोलच निघणार. योउ-थिंग, बाळा, इथे नख घाल.”

पोरानं नख घातलं आणि त्याचा आ वासला. “अडकतंय! मावशी, हा... हा आपल्याकडचा नाहीच!”

थांग सर हसले. “तर्क छान आहे. पण रंग जाड बसला की कोपरा कसाही लागतो.”

“रंग जाड कुणी दिला, तेही सांगा की मग.” तिनं पर्समधून पातं काढलं आणि कडेवरचा रंग खरवडला. खाली बारीक उभ्या रेघा दिसल्या, अगदी एकीला लागून एक. “ही लेझरनं कापल्याची खूण. लेझर आपल्याकडे नाही, पण लेझरनं कापलेला, बाहेरून हुबेहूब माझ्यासारखा दिसणारा एक आधार बाजारात आहे. आपण सगळे जो सुधारत होतो तोच. काल यंत्रावर माझा तुकडा मोडला नाही, मॅडम. कंपनीचा मोडला. आणि मी अहवालात लिहिलं होतं बरोब्बर त्याच कोपऱ्यातून मोडला.”

पेंग मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. “पण असं कोण करेल?”

“मीही आधी तेच विचारलं स्वतःला. मिस्त्री? त्यांनी अदलाबदल केली असती तर ती फाइलच्या गोलाया बंद करून पचणार नाही, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. योउ-थिंग? चौकोनी कटरचा टोमणा त्यालाही बसलाय, तो जन्मात विसरणार नाही. इथल्या प्रत्येक पोरानं खाली जाऊन एकदा तरी शिव्या खाल्ल्यात. तेव्हा हे करणारा माणूस असा हवा, ज्याच्या हाताशी जुना आधार होता, माझी फाइल होती, रंगाचा डबा होता, आणि ज्याला वाटतं की पडद्यावर कोपरा टोकदार केला की तुकड्यातही तो टोकदार निघतो. असा माणूस कितीतरी वर्षांत शेडची पायरी उतरलेला नाही.” ती वळली. “तो जुना आधार कुणी आखला होता, थांग सर?”

 सरांची नजर पडद्याकडे गेली, जणू तिथे एखादं बटण दाबून हे मागे घेता येणार होतं.

मिन-हुईनं पिशवीतून दुसरा तुकडा काढून टेबलावर ठेवला. रंग नाही, नंबर नाही, फक्त उदबत्तीची थोडी राख लागलेली. आतले चारही कोपरे, तिनं आखले होते तसे, ऐसपैस गोल. कटरच्या गोलाईपेक्षा कितीतरी मोठे.

“हा देवापुढचा, तुम्ही फाइलला हात लावायच्या आधी कापलेला. याचा जुळा तुम्ही कुठे टाकलात ते तुमचं तुम्हाला माहीत.”

“तो लाल ठिपका मलाही दिसला होता तेव्हा,” थांग सर एकाएकी म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. “सगळे म्हणायचे, लहर आहे, सोडून दे. मी सोडलं. तुमचा तुकडा टिकला असता तर तुमचा अहवाल खरा ठरला असता आणि कंपनीनं विचारलं असतं, जुना कुणी पास केला. ताई, माझी दोन मुलं शाळेत आहेत. आणि एवढी वर्षं झाली, एकाही लेकराला काही झालेलं नाही अजून.”

“अजून,” मिन-हुई म्हणाली.

पेंग मॅडमनी कबुलीचा कागद टराटरा फाडला. मग त्या पुढे झाल्या आणि त्यांनी मिन-हुईचा हात हातात घेतला. “झुओ बाई, माझं चुकलं. तुमचं प्रमाणपत्र आत्ता देते, पहिल्या नंबराचं. थांग सर राजीनामा देतील. पण हे या चार भिंतींत राहू द्या. केंद्राचं नाव जाईल, कंपनी उद्या दारात उभं करणार नाही, या पोरांना नोकऱ्या कोण देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्हाला मी काय सांगायचं?”

 मिन-हुईनं योउ-थिंगकडे पाहिलं. कंपनीचं दार बंद झालं तर सगळ्यात जास्त त्याचंच जाणार होतं.

“माझ्या बहिणीची पोरगी बसते मागे, अशाच खुर्चीत,” तो म्हणाला. “रोज शाळेला जाते.”

मिन-हुईनं आपला हात सोडवून घेतला.

“मॅडम, लिफ्टखाली सापडलेल्या एका बाईच्या नवऱ्यासमोर बसून मी विचारलं होतं, हे का तुटलं. पाळण्यातून पडलेल्या पोराच्या आईसमोर बसून विचारलं होतं, हे का तुटलं. सगळी नोकरी मी हा प्रश्न माणूस मेल्यावर विचारला. त्रेपन्नाव्या वर्षी या बाकावर येऊन बसले ती एकदा तरी तो आधी विचारता यावा म्हणून. प्रमाणपत्र द्या, नका देऊ, तो तुमचा प्रश्न. फोन मात्र मी करणार.”

देवाचा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं यंत्रावर चढवला आणि मिस्त्रींनी पाना घेऊन नट आवळले. तिनं बटण दाबलं. दांडा खाली आला, वर गेला, खाली आला. खडखडाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून मिन-हुई फोन कानाशी घट्ट धरून जवळजवळ ओरडतच होती.

“हो, तुमच्याच आधाराबद्दल! नाही, कुणालाही लागलेलं नाही. म्हणूनच आज फोन केलाय. विकलेल्या सगळ्या खुर्च्या परत मागवा. काय? मी कोण?”

तिनं यंत्राकडे पाहिलं. धक्क्यावर धक्के बसत होते आणि तुकडा जागचा हलत नव्हता.

“हा आधार जिनं नीट आखला ना, ती मी. माणूस पाठवा. आमचं यंत्र तोवर चालूच राहील.”